खेळातला खटला, खटल्यातला समाज
‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील आशयसूत्रे आणि प्रतीके यांचा वेध

मराठी रंगभूमीवर न्यायालयाचे दृश्य नवे नाही. आरोपीचा पिंजरा, काळा डगला घातलेला वकील, मेजावर आपटणारा हातोडा आणि अखेरीस सत्याचा विजय हा साचा प्रेक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाने हा साचा जसाच्या तसा उचलला आणि आतून पार उलटा केला. या नाटकात कोर्ट आहे, पण ते खोटे आहे. आरोप आहे, पण तो गंमत म्हणून ठेवलेला आहे. साक्षीदार आहेत, पण त्यांना साक्ष द्यायची आहे ती स्वतःच्या अपयशाचा सूड उगवण्यासाठी. आणि या सगळ्या खोटेपणातून एका स्त्रीच्या आयुष्याची जी वाताहत होते, तेवढी मात्र पूर्णपणे खरी आहे.

‘रंगायन’ या संस्थेने २० डिसेंबर १९६७ रोजी मुंबईच्या रवींद्र नाट्यमंदिरात हे नाटक प्रथम सादर केले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारे ही मध्यवर्ती भूमिका सुलभा देशपांडे यांनी साकारली होती. पुढे सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये या नाटकावर मराठी चित्रपट केला; त्यातही बेणारेबाई सुलभा देशपांडेच होत्या. हिंदी रंगभूमीवर ‘खामोश! अदालत जारी है’ या नावाने आणि अन्य अनेक भारतीय भाषांतून हे नाटक पोहोचले. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत ते वर्षानुवर्षे शिकवले जाते आणि हौशी संस्था आजही ते करायला घेतात. अर्धशतक उलटून गेल्यावरही या नाटकाची धार बोथट का झाली नाही, याचे उत्तर त्याच्या कथानकापेक्षा त्याच्या रचनेत आणि त्यात पेरलेल्या प्रतीकांत सापडते.

कथानक : सराव म्हणून सुरू झालेला खेळ

मुंबईतील एक हौशी नाटकमंडळी एका गावात ‘अभिरूप न्यायालय’ सादर करण्यासाठी आलेली आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रनिर्मितीबद्दल खटला भरायचा, असा रात्रीचा कार्यक्रम आहे. मंडळींपैकी एक जण आलेला नाही, म्हणून गावातल्या रघू सामंत या साध्या तरुणाला आयत्या वेळी साक्षीदार म्हणून उभे करायचे ठरते. त्याने कोर्ट कधी पाहिलेले नाही. त्याला पद्धत कळावी यासाठी एक लुटुपुटीचा खटला आधी चालवून दाखवू, अशी टूम निघते आणि शिक्षिका असलेल्या लीला बेणारे हिला आरोपी करण्याचे ठरते. ती तोंड धुण्यासाठी आत गेलेली असताना, तिच्या पश्चात हा बेत शिजतो. ती बाहेर येते तेव्हा तिच्यावर आरोप ठेवला जातो भ्रूणहत्येचा.

तेंडुलकरांना या नाटकाचे बीज प्रत्यक्ष प्रसंगातून मिळाले. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी विलेपार्ल्यात आलेल्या एका हौशी मंडळींशी त्यांची गाठ पडली आणि त्या मंडळींची आपापसातील बोलणी ऐकताना नाटकाची रूपरेषा त्यांच्या मनात आकार घेऊ लागली. या नाटकाची तुलना फ्रीडरिश ड्युरेनमॅट या स्विस लेखकाच्या ‘दी पाने’ या १९५६ मधील कथेशीही केली जाते. तिथेही सेवानिवृत्त न्यायाधीश, वकील अशी वृद्ध मंडळी एका पाहुण्यावर खेळातला खटला चालवतात. परंतु दोन्हींतला फरक अर्थपूर्ण आहे. ड्युरेनमॅटचा आरोपी पुरुष आहे आणि स्वतःच्या गुन्ह्याची कल्पना त्याला सुखावू लागते. बेणारेच्या वाट्याला असे कोणतेही सुख येत नाही. तिचे खासगी आयुष्य फक्त चव्हाट्यावर येते.

न्यायपीठावर कोण बसले आहे?

नाटकाचे पहिले मोठे आशयसूत्र म्हणजे अपयशी माणसांची सत्तेची भूक. सुखात्मे हा वकील आहे, पण त्याला खटले मिळत नाहीत. पोंक्षे शास्त्रज्ञ व्हायला निघाला होता, तो इंटरला नापास होऊन कारकुनीत अडकला. कर्णिक नट आहे, पण नाट्यक्षेत्राने त्याची दखल घेतलेली नाही. काशीकर दांपत्याला समाजोद्धाराची हौस आहे, पण घर मुलांविना रिकामे आहे. त्यांनी वाढवलेला बाळू रोकडे त्यांच्या उपकाराखाली दबून गेला आहे. यांपैकी एकाच्याही हाती बाहेरच्या जगात अधिकार नाही.

या साऱ्यांची व्यंगे नाटकाच्या आरंभी सामंतासमोर हसतखेळत सांगते ती बेणारेच. ती स्वतः कमावती आहे, शाळेत विद्यार्थिप्रिय आहे, मोकळेपणाने हसते, बोलते, गाते. तिचा हा मोकळेपणाच बाकीच्यांना सलतो. त्यामुळे कोर्टाचा खेळ सुरू होताच प्रत्येकाला मुखवट्यामागे दडून वार करण्याची संधी मिळते. ज्याला खऱ्या न्यायालयात कोणी विचारत नाही, तो इथे सरकारी वकील होतो. ज्याला घरी मान नाही, त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात लोक कान देऊन ऐकतात.

या कोर्टाची रचना बारकाईने पाहिली तर तेंडुलकरांचा उपरोध अधिक स्पष्ट होतो. फिर्यादी पक्षाचा वकील सुखात्मे आणि आरोपीचा वकीलही सुखात्मेच. आरोप करताना तो तावातावाने बोलतो. बचावाची पाळी आली की खांदे पाडून बसतो. न्यायाधीश काशीकर तर स्वतःच्या खुर्चीवरून उठून साक्षीदार होतात आणि साक्ष संपवून पुन्हा निवाडा करायला बसतात. न्यायाची प्राथमिक तत्त्वे इथे मोडली जातात ती कुणाच्या लक्षात न येता नव्हे, तर सर्वांच्या डोळ्यांदेखत. आणि तरीही सगळे जण कोर्टाची अदब मात्र कसोशीने पाळतात. शिष्टाचार शाबूत राहिला की अन्याय झाल्याचे कोणाला वाटत नाही, हे या नाटकाचे जळजळीत निरीक्षण आहे.

कडी, पिंजरा आणि कानकोरणे

तेंडुलकरांची प्रतीके अलंकारासारखी वरून चिकटवलेली नाहीत. ती रोजच्या वापरातील वस्तूंतून येतात. पडदा उघडल्यावर थोड्याच वेळात सामंत आणि बेणारे यांचे बोलणे होते ते सभागृहाच्या दाराच्या कडीवरून. या कडीत बेणारेचे बोट चेमटले आहे. कडी जरा बाहेर राहिली आणि दार ओढले गेले, तर आतला माणूस आतच अडकतो, असे सामंत सांगतो. पहिल्या वाचनात हा तपशील किरकोळ वाटतो. पुढे खटला रंगात आल्यावर बेणारे निघून जाऊ पाहते आणि दार उघडतच नाही, तेव्हा त्या कडीचा अर्थ उलगडतो. दुखावलेले बोट ही पुढे होणाऱ्या जखमेची आगाऊ सूचना होती. शिवाय हे दार कोणी जाणूनबुजून लावलेले नाही. ते आपोआप लागले आहे. रूढींची दारे अशीच लागतात. त्यांच्यामागे नेमका कुणाचा हात होता हे सांगता येत नाही, आणि आत कोंडलेल्याला मात्र सुटता येत नाही.

आरोपीचा पिंजरा हे दुसरे प्रतीक. आरंभी तो केवळ मांडलेले सामान आहे. बेणारे त्याची थट्टा करते. पुढे मिसेस काशीकर तिला ओढत नेऊन त्यात उभी करतात. स्त्रीला आरोपीच्या जागी ढकलणारा हात स्त्रीचाच आहे, हे नाटककाराने मुद्दाम दाखवले आहे. मिसेस काशीकरांना नवरा चारचौघांत सतत गप्प करतो; हातोड्याचा धाक त्यांनाही आहे. तरीसुद्धा, किंबहुना म्हणूनच, स्वतःपेक्षा मोकळ्या असलेल्या स्त्रीला बंदिस्त करण्यात त्या सर्वांत पुढे असतात.

न्यायाधीश काशीकरांच्या हाती दोन वस्तू असतात. एक हातोडा आणि दुसरे कानकोरणे. कोर्टाचे कामकाज चालू असताना ते कान कोरत बसतात. ऐकणे हे न्यायाधीशाचे पहिले कर्तव्य; हा न्यायाधीश कान साफ करतो, पण ऐकत काहीच नाही. तो हातोडा आपटून इतरांना गप्प करतो. नाटकाच्या शीर्षकातील ‘शांतता’ या शब्दाचा उलगडा इथे होतो. ही शांतता न्यायाच्या गांभीर्याची नाही. ज्याला बोलायचे आहे त्याच्यावर लादलेली ती सक्तीची मूकता आहे.

गैरहजर प्रोफेसर दामले

नाटकातील सर्वांत महत्त्वाचे पात्र रंगमंचावर येतच नाही. प्रोफेसर दामले हे या मंडळींतले विद्वान सभासद. बेणारेच्या पोटात वाढणारे मूल त्यांचे आहे, हे साक्षींतून हळूहळू उघड होते. दामले विवाहित आहेत, प्रतिष्ठित आहेत आणि त्या दिवशी गैरहजर आहेत. कोर्टात त्यांच्या नावाचा पुकारा होतो. ते नाहीत म्हटल्यावर कामकाज पुढे सरकते. त्यांच्यावर कोणताही आरोप ठेवला जात नाही. ते फार तर साक्षीदार ठरतात.

एका रिकाम्या जागेतून तेंडुलकरांनी जे सांगितले, ते लांबलचक संवादांतून साधले नसते. ज्या घटनेला दोन माणसे जबाबदार आहेत, तिचा खटला एकावरच चालतो. पुरुषाला गैरहजर राहण्याची सोय आहे. स्त्रीचे शरीरच तिच्याविरुद्धचा पुरावा होते. बेणारेच्या पूर्वायुष्यातही हेच घडलेले आहे. कोवळ्या वयात सख्ख्या मामाच्या प्रेमात पडल्यावर दोष तिच्याच पदरी पडला आणि तिने जीव देण्याचा प्रयत्न केला.

कादंबरीचा पुरावा

सामंताची साक्ष हा या नाटकातील विलक्षण भाग. हा तरुण निरागस आहे. त्याला बेणारेविषयी काहीही माहिती नाही. काहीतरी साक्ष द्यायची म्हणून तो हातातल्या स्वस्त कादंबरीतील प्रसंग दामले आणि बेणारे यांच्या नावावर खपवतो. ते सगळे काल्पनिक आहे, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तरीही ते खरे धरले जाते, कारण ते खऱ्याच्या जवळ जाणारे निघते. अफवेचे आणि चारित्र्यहननाचे शास्त्र इतक्या नेमकेपणाने मराठी नाटकात क्वचितच मांडले गेले असेल. आधी कल्पना, मग कुजबुज, मग ‘असे ऐकले’ आणि अखेर पुरावा, हा प्रवास प्रेक्षकांसमोर काही मिनिटांत पूर्ण होतो.

पोंक्षेच्या साक्षीतून येणारी ‘टिक ट्वेंटी’ची बाटलीही अशीच बोलकी आहे. ढेकूण मारण्याचे हे औषध त्या काळी मुंबईच्या चाळींतून घरोघर दिसे, आणि वर्तमानपत्रांतील आत्महत्येच्या बातम्यांतही. बेणारेच्या पर्समध्ये ही बाटली असल्याचे पुढे येते. तिने कोणत्या मनःस्थितीत ती जवळ बाळगली असेल, असा प्रश्न कोणालाही पडत नाही. पुढे ती बाटली तोंडाला लावू पाहते तेव्हा तिला अडवले जाते. खटला मात्र थांबत नाही. तिचा जीव वाचवला जातो तो जणू निकाल ऐकण्यापुरता.

दहा सेकंदांचे स्वगत

निकालापूर्वी आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद दिली जातात. त्यानंतर येते ते बेणारेचे प्रसिद्ध दीर्घ स्वगत. मराठी अभिनेत्रींच्या पिढ्यान्पिढ्यांनी ते स्पर्धांतून आणि अभिनयवर्गांतून सादर केले आहे. जगण्याची ओढ, शिकवण्यावरील प्रेम, फसवणुकीचा संताप, देहाविषयीचा तिरस्कार आणि त्याच देहात वाढणाऱ्या जिवाविषयीची माया असे परस्परविरोधी प्रवाह त्यात एकत्र येतात.

परंतु या स्वगताची रंगमंचीय रचना लक्षात घेतली नाही, तर त्याचा अर्धा अर्थ हरवतो. बेणारे बोलत असताना बाकीची पात्रे जागच्या जागी गोठलेली असतात. बोलणे संपताच काशीकर वेळ संपल्याचे सांगतात. म्हणजे दहा सेकंद सरली एवढेच कोर्टाला कळले; बेणारेचा शब्दही कोणाच्या कानी पडलेला नाही. ती प्रत्यक्षात बोललीच नाही, असाही अर्थ काढता येतो. तिचे म्हणणे ऐकले ते केवळ प्रेक्षकांनी. त्यामुळे पुढे जे घडते त्याला प्रेक्षकही साक्षीदार ठरतात, आणि ऐकूनही गप्प बसल्याची टोचणी त्यांच्या वाट्याला येते.

निकालातील विसंगती

या खटल्यातील सर्वांत भीषण उपरोध निकालात आहे. आरोप भ्रूणहत्येचा. कलम सांगितले जाते भारतीय दंड संहितेतील ३०२, म्हणजे खुनाचे. खऱ्या कायद्यात गर्भपातासाठी ३१२ हे वेगळे कलम होते. पण या हौशी कोर्टाला तेवढी माहिती असण्याचे कारण नाही, आणि खरे तर गरजही नाही. मातृत्वाच्या पावित्र्यावर भाषणे झडतात. बालविवाहाची प्रथा पुन्हा सुरू करावी, असे विचार न्यायपीठावरून मांडले जातात. बेणारेला नोकरीवरून काढण्याचे शाळेत घाटत असल्याची बातमीही काशीकर समाधानाने देतात. आणि शेवटी निकाल लागतो तो असा, की आरोपीने जगावे, तिच्या पोटातला गर्भ मात्र नष्ट करावा. ज्या गुन्ह्यासाठी खटला भरला, तोच गुन्हा करण्याचा आदेश कोर्ट देते.

या विसंगतीची मुळे मराठी समाजाच्या इतिहासात खोलवर आहेत. अडचणीत सापडलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला १८८१ मध्ये अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती पुढे सौम्य झाली खरी, पण या प्रकरणावरून वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर दुगाण्या झाडल्या गेल्या. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. पुरुष नामानिराळा राहतो आणि स्त्री आरोपी होते, हाच ताराबाईंचा सवाल होता. ८५ वर्षांनी तो नाटकाच्या रूपाने पुन्हा रंगमंचावर उभा राहिला.

नाटक आले तेव्हा गर्भपात हा भारतात, स्त्रीचा जीव वाचवण्याचा अपवाद वगळता, गुन्हाच होता. त्याविषयीच्या शहा समितीचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला होता. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्यातही गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याच्या कारणाचा उल्लेख करताना ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असेच शब्द होते. त्या जागी ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ अशी दुरुस्ती होण्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले. २० ते २४ आठवड्यांच्या गर्भाबाबत अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि खुनाचे कलमही ३०२ राहिले नाही. कायद्याची भाषा अशी बदलत गेली आहे. काशीकरांच्या कोर्टाला मात्र छापील कायद्याची कधीच आवश्यकता नव्हती. आणि बेणारेला तर हे मूल हवे आहे. तिला अधिकार हवा आहे तो आपल्या देहाविषयीचा निर्णय स्वतः घेण्याचा. नाटकातला प्रश्न गर्भपाताच्या बाजूचा वा विरोधाचा नाही, निर्णय कोणी करायचा याचा आहे.

हिरवा पोपट

निकालानंतर दार उघडते. गावकरी कार्यक्रम पाहायला आलेले असतात. क्षणात मंडळी पूर्ववत होतात. हे सारे खोटे होते, मनाला लावून घेऊ नये, अशी बेणारेची समजूत काढतात आणि तयारीला लागतात. ती तशीच पडून राहते. सामंत येतो, घुटमळतो आणि पुतण्यासाठी आणलेला कापडी हिरवा पोपट दबकत तिच्याजवळ ठेवून निघून जातो. घरटे हरवलेल्या चिमणीचे बालगीत बेणारेच्याच आवाजात कुठूनतरी ऐकू येते.

हा पोपट म्हणजे न जन्मलेल्या मुलाचे खेळणे, असा एक अर्थ लावला जातो. शिकवलेले तेवढेच बोलणाऱ्या समाजाचे ते रूप आहे, असेही म्हणता येते. पण त्या पलीकडे, संपूर्ण नाटकात बेणारेला कोणीतरी काही दिल्याचा हा एकमेव प्रसंग आहे. खोटी साक्ष ज्याने दिली, त्याच्याच हातून ही कृती घडते. सामंताजवळ तिची क्षमा मागण्याइतके धैर्य नाही, तेवढे शब्दही नाहीत. आहे ती केवळ एक ओशाळलेली माया. करुणा एवढ्या तोकड्या रूपात शिल्लक राहते, आणि ती निकाल लागून गेल्यावर येते.

बेणारे पुन्हा उठून उभी राहते की नाही, याचे उत्तर तेंडुलकर देत नाहीत. रात्रीचा कार्यक्रम होणारच आहे. जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांचा खटला चालणारच आहे. जगाच्या विनाशाची चिंता वाहणारी ही माणसे आताच एका खोलीत काय करून बसली, याचा त्यांना पत्ता नाही. प्रेक्षक घरी जाताना त्यांच्या मनात रेंगाळतो तो हातोड्याचा आवाज नव्हे, त्यानंतरची शांतता. ‘गंमत होती’ असे म्हणून कोणाचेही आयुष्य चारचौघांत उलगडून ठेवले जाते तेव्हा तेव्हा हे कोर्ट पुन्हा भरते, आणि सभागृहाच्या दाराची ती कडी पुन्हा नकळत सरकते.